भूप, ग्लॉकेनस्पील आणि वर्गशिक्षिका : इंग्लंडच्या राष्ट्रीय संगीतशिक्षण योजनेचा प्रकरण अभ्यास

इंग्लंडच्या शिक्षण खात्याने मार्च २०२१ मध्ये शाळांसाठी संगीताचा एक नमुना अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. पहिली ते नववी या इयत्तांत काय ऐकवावे, काय गाऊन घ्यावे आणि काय वाजवून घ्यावे, याची त्यात इयत्तावार मांडणी आहे. तिसरीच्या, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या श्रवणयादीत पाश्चात्त्य अभिजात रचनांच्या बरोबरीने भारतीय शास्त्रीय संगीताचा नमुना म्हणून किशोरी आमोणकर यांनी गायलेली भूप रागातील बंदिश सुचवलेली आहे. मराठी वाचकाला हे वाचून बरे वाटणे साहजिक आहे, मलाही वाटले. मात्र पाठोपाठ प्रश्न पडला तो असा, की मँचेस्टरच्या किंवा नॉरिचच्या एखाद्या प्राथमिक शाळेत गणित, इंग्रजी, विज्ञान, इतिहास असे जवळपास सगळे विषय एकटीने शिकवणारी वर्गशिक्षिका हा भूप मुलांपर्यंत पोहोचवणार कसा? तिने स्वतः गाणे शिकलेले नाही, राग म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेले नाही, आणि शिक्षक होण्याच्या प्रशिक्षणात संगीताच्या वाट्याला तिला मोजके तास मिळाले आहेत.

इंग्लंडने २०११ आणि २०२२ मध्ये अशा दोन राष्ट्रीय संगीतशिक्षण योजना आणल्या. पैसा, यंत्रणा, तपासणी आणि अभ्यासक्रम या चारही अंगांनी प्रयत्न झाले. या प्रकरणाकडे मी वर्गशिक्षिकेच्या खुर्चीवरून पाहणार आहे, कारण योजनेच्या यशापयशाचा बराचसा भाग त्या खुर्चीपाशीच अडतो असे माझे मत आहे.

योजनेपूर्वीची घडी

इंग्लंडमध्ये संगीत हा राष्ट्रीय अभ्यासक्रमातला सक्तीचा विषय आहे आणि वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत तो शिकवला जावा अशी अपेक्षा आहे. वाद्यशिक्षणाचे काम मात्र परंपरेने स्थानिक प्रशासनांच्या संगीत सेवा करत आल्या. त्यांचे फिरते शिक्षक आठवड्यातून एकदा शाळेत येत, चार-दोन मुलांना वर्गातून बाहेर काढून व्हायोलिन किंवा क्लॅरिनेट शिकवत आणि पुढच्या शाळेकडे निघून जात. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्यानंतर शाळांचा निधी थेट शाळांच्या हाती जाऊ लागला, तसा या सेवांचा मध्यवर्ती आधार आटत गेला. काही ठिकाणी सेवा टिकल्या, काही ठिकाणी शुल्क वाढले, काही ठिकाणी सेवा मोडकळीला आल्या. परिणामी मूल कोणत्या जिल्ह्यात राहते आणि आईबापांचा खिसा किती खोल आहे, यावर त्याचे वाद्यशिक्षण ठरू लागले.

२००० नंतर दोन उपक्रम या घडीला छेद देणारे ठरले. पहिल्यात चार मुलांना बाजूला काढण्याऐवजी अख्ख्या वर्गाला एकाच वेळी वाद्य शिकवण्याची कल्पना होती. दुसरा सामूहिक गायनाचा राष्ट्रीय कार्यक्रम होता. नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाला चार वर्षांसाठी ४ कोटी पौंड मिळाले. त्यात प्राथमिक शिक्षकांसाठी गाण्यांचा मोफत साठा होता, प्रत्येक गाण्याबरोबर साथीचे ध्वनिमुद्रण होते, आणि ज्या शिक्षिकेला 'मला गाता येत नाही' असे आयुष्यभर वाटत आले, तिला तिच्याच वर्गासमोर पहिले गाणे म्हणण्याचा धीर देणारी प्रशिक्षणे होती. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा खर्च होता. २०१२ च्या सुमारास त्याचा सरकारी निधी थांबला आणि गाण्यांचा तो साठा वर्गणीदारांपुरता उरला.

२०११ ची योजना

फेब्रुवारी २०११ मध्ये डॅरेन हेन्ली यांचा इंग्लंडमधील संगीतशिक्षणाचा आढावा प्रसिद्ध झाला. हेन्ली त्या वेळी 'क्लासिक एफएम' या नभोवाणी केंद्राचे व्यवस्थापकीय संचालक होते. पुढे २०१५ मध्ये ते आर्ट्स कौन्सिल इंग्लंड या कलांना सरकारी निधी वाटणाऱ्या संस्थेचे प्रमुख झाले. त्यांच्या ३६ शिफारशींच्या आधारे सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये पहिली राष्ट्रीय योजना जाहीर केली. तिचा कणा म्हणजे 'म्युझिक हब'. स्थानिक संगीत सेवा, वाद्यवृंद, कलासंस्था आणि शाळा यांची जिल्हावार मोट बांधायची, त्या मोटेला एक प्रमुख संस्था नेमायची आणि केंद्राचा निधी आर्ट्स कौन्सिलमार्फत तिच्याकडे पाठवायचा, अशी ही रचना होती. सप्टेंबर २०१२ पासून असे १२० हून थोडे अधिक हब कामाला लागले.

हबवर चार मुख्य जबाबदाऱ्या होत्या : पाच ते अठरा वयाच्या प्रत्येक मुलाला किमान एक सत्र वर्गासोबत वाद्य शिकण्याची संधी देणे, समूहात वाजवण्या-गाण्याची संधी देणे, पुढे शिकू इच्छिणाऱ्यांना परवडणारे मार्ग खुले ठेवणे, आणि प्रत्येक मूल नियमित गाईल असे गायनधोरण राबवणे. कागदावर यात नाव ठेवण्यासारखे फारसे काही नाही. निधीचा आलेख मात्र सुरुवातीपासून उतरता आखलेला होता. २०११-१२ मध्ये असलेले ८.२५ कोटी पौंड पुढच्या तीन वर्षांत अनुक्रमे ७.७ कोटी, ६.५ कोटी आणि ६ कोटींवर येणार होते. नवी यंत्रणा उभी करायची आणि त्याच वेळी तिचे अनुदान कमी करत न्यायचे, या हिशेबावर संगीतक्षेत्रातून टीका झाली. २०१५-१६ साठी ही रक्कम पुन्हा ७.५ कोटींवर नेण्यात आली.

एका तासाचे चित्र

हबच्या कामाचा आत्मा म्हणजे पूर्ण वर्गाचा वाद्याचा तास. तो कसा चालतो हे जवळून पाहिल्याशिवाय पुढचे कळणार नाही. चौथीचा वर्ग, तीस मुले, शाळेचे सभागृह. तिथेच थोड्या वेळाने जेवणाची टेबले लागणार असतात. हबची शिक्षिका गाडीच्या डिकीतून खोकी उतरवते. त्यांत युकुलेली, म्हणजे छोट्या चारतारी गिटारी असतील, पाव मापाची आणि अर्ध्या मापाची व्हायोलिने असतील, किंवा लाल-निळ्या प्लास्टिकचे ट्रॉम्बोन असतील, ज्यांना पडले तरी पितळेसारखे पोचे येत नाहीत. वाद्ये वाटण्यात आणि स्वरात लावण्यात पहिली दहा मिनिटे जातात. मग टाळ्यांवर ताल, 'मी वाजवते, तुम्ही तसेच वाजवा' असा खेळ, एका स्वरावर चार मात्रा, दुसऱ्या स्वरावर चार मात्रा आणि शेवटी ध्वनिमुद्रित साथीवर तीन स्वरांचे एक छोटे गाणे. तीस ट्रॉम्बोन एकदम वाजले की भिंती हादरतात आणि मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही अहवालात मावणारे नाही. घंटा झाली की वाद्ये खोक्यात आणि खोकी डिकीत. जिथे वाद्य घरी नेता येत नाही, तिथे सात दिवस हात रिकामे.

या तासाला वर्गशिक्षिका कुठे असते? मूळ कल्पनेप्रमाणे तिने मुलांसोबत तेच वाद्य हाती घेऊन शिकायचे होते, म्हणजे मुलांना 'आमच्या बाईंनाही चुकायला होते' हे दिसले असते आणि आठवड्यातल्या उरलेल्या दिवसांत तिने पाच-पाच मिनिटे उजळणी घेतली असती. जिथे असे घडले तिथे फरक पडला. पण ज्या शिक्षिकेच्या टेबलावर गणिताच्या तीस वह्या तपासायच्या पडल्या आहेत आणि जिला पाठनियोजनासाठी वेगळा वेळ हवा आहे, तिच्या दृष्टीने बाहेरून कोणी येऊन पाऊण तास वर्ग सांभाळणे म्हणजे सुटका असते. शाळाप्रमुखालाही तो तास तिच्या नियोजनाच्या वेळेत बसवणे सोयीचे वाटते. त्यामुळे ती सभागृहाच्या मागच्या बाकावर वह्या तपासत बसते किंवा खोलीत थांबतच नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही. वेळापत्रकानेच तिला तिथून उठवलेले असते.

पहिल्याच वर्षात पाच लाखांहून अधिक मुलांना अशा वर्गांतून वाद्य मिळाले, ही योजनेची मोठी कमाई. सत्र संपल्यावर तेच किंवा दुसरे वाद्य पुढे चालू ठेवणाऱ्या मुलांचे प्रमाण मात्र तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली राहिले. पुढचा टप्पा बहुतेक ठिकाणी सशुल्क होता, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे, की हबची शिक्षिका निघून गेल्यावर ती ठिणगी फुंकत ठेवणारे शाळेत कोणी नव्हते.

तपासणीत काय दिसले

ऑफस्टेड या शाळा तपासणी संस्थेने मार्च २०१२ मध्ये संगीताच्या अध्यापनावर अहवाल दिला. त्यातले एक निरीक्षण इतके नेमके होते की ते आपल्याकडच्या शाळांच्या दारावरही लावावे : संगीताच्या तासांना बोलणे फार होते आणि संगीत कमी होते. मुले संगीताबद्दल ऐकत होती, लिहीत होती, उद्दिष्टे फळ्यावरून उतरवून घेत होती. गात आणि वाजवत मात्र थोडा वेळ होती. नोव्हेंबर २०१३ च्या दुसऱ्या अहवालात ऑफस्टेडने हबना सुनावले, की केवळ सेवा पुरवणे पुरेसे नाही, शाळेतले संगीत कुठे कच्चे आहे हे शाळाप्रमुखांना स्पष्ट सांगण्याची आणि सुधारणेत साथ देण्याची जबाबदारीही हबनी घ्यावी. हे सांगणे सोपे आणि करणे अवघड होते. हबचे उत्पन्न अंशतः शाळांनी भरलेल्या शुल्कावर चालत होते. जो ग्राहक आहे त्याच्याच घरात जाऊन 'तुमचे काम निकृष्ट आहे' असे कोण सांगणार? शिवाय हब ऐकवून जाईल, पण शाळेला ऐकायला भाग पाडण्याचा अधिकार हबकडे नव्हता. इंग्लंडमधल्या ज्या शाळा 'अकॅडमी' झाल्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाबाहेर पडून थेट केंद्राच्या निधीवर चालू लागल्या, त्यांना तर राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याचे बंधनही उरले नाही, आणि माध्यमिक शाळांत त्यांचीच संख्या वाढत गेली.

शिक्षकांच्या पाठबळाचा विचार २०११ च्या योजनेत नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्राथमिक शिक्षक होऊ घातलेल्यांसाठी संगीताचा जादा प्रशिक्षण घटक आणि संगीत प्रशिक्षकांसाठी एक प्रमाणपत्र त्यात सुचवलेले होते. हे प्रमाणपत्र पुढे प्रत्यक्षात आलेही. पण दोन्ही गोष्टी ऐच्छिक आणि कडेच्या होत्या. २०१४ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात संगीताचा पाठ्यक्रम जेमतेम दोन-तीन पानांत आटोपलेला आहे. अनुभवी संगीतशिक्षकाला असा मोकळेपणा मानवतो. संगीत न शिकलेल्या शिक्षिकेला त्यात धरायला काठीही सापडत नाही.

एक हात देतो, दुसरा काढून घेतो

संगीत योजनेच्या जवळपास बरोबरीनेच त्याच सरकारने माध्यमिक शाळांसाठी 'इंग्लिश बॅकलॉरिएट' नावाचा मापदंड आणला. इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास किंवा भूगोल आणि एक भाषा या विषयांत किती विद्यार्थी सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला बसतात आणि उत्तीर्ण होतात, यावर शाळेची जाहीर तुलना होऊ लागली. संगीत, चित्रकला, नाट्य या यादीत नव्हते. कोणीही संगीत बंद करा असे म्हटले नाही. पण शाळाप्रमुखाचे डोळे ज्या तक्त्यावर खिळलेले असतात, त्यात ज्या विषयाचा रकानाच नाही, त्याच्या तासिका आधी आठवड्यावरून पंधरवड्यावर जातात, मग वर्षातल्या काही आठवड्यांवर येतात आणि निवृत्त झालेल्या संगीतशिक्षकाची जागा भरायची राहून जाते. सोळाव्या वर्षीच्या परीक्षेला संगीत घेणाऱ्यांची संख्या २०१० ते २०२३ या काळात चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. या घसरणीला लोकसंख्या, परीक्षेचे बदललेले स्वरूप अशी इतर कारणेही जोडली जातात. तरी मापदंडाचा वाटा नाकारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

शिक्षकभरतीचे तेच झाले. संगीताचे माध्यमिक शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांना २०२०-२१ मध्ये ९,००० पौंडांचे विद्यावेतन होते. पुढच्या वर्षापासून ते बंद झाले. २०२३-२४ मध्ये संगीतशिक्षक प्रशिक्षणाच्या उद्दिष्टापैकी फक्त २७ टक्के जागा भरल्या. तेव्हा कुठे २०२४-२५ साठी १०,००० पौंडांचे विद्यावेतन परत आणले गेले. एका बाजूला प्रत्येक मुलाला संगीत मिळेल असे वचन आणि दुसऱ्या बाजूला ते शिकवणाऱ्याच्या वाटखर्चाला कात्री, हा विरोधाभास एकाच खात्याच्या दोन टेबलांवर सुखाने नांदत होता.

पुन्हा भूपाकडे

आता त्या तिसरीच्या वर्गात जाऊ. संगीत न शिकलेली शिक्षिका काय करेल? पडद्यावर ध्वनिचित्रफीत लावेल, 'ऐकून कसे वाटले?' विचारेल, भारताचा नकाशा दाखवेल, तानपुऱ्याचे चित्र रंगवायला देईल. मुलांचा वेळ बरा जाईल. भूप मात्र वर्गाबाहेरच राहील.

याच वर्गात कपाटावर ग्लॉकेनस्पील पडलेले असते. लाकडी किंवा प्लास्टिकच्या चौकटीवर धातूच्या पट्ट्या आणि दोन छोट्या काठ्या, असे हे वाद्य इंग्लंडच्या असंख्य प्राथमिक शाळांत आहे आणि शाळेतल्या अनेक नमुन्यांच्या पट्ट्या काढता-घालता येतात. त्यांवर सी, डी, ई, एफ, जी, ए, बी अशी अक्षरे असतात. सी ला षड्ज मानले तर या पट्ट्या म्हणजे शुद्ध स्वरांचे सप्तक. त्यातून एफ आणि बी, म्हणजे मध्यम आणि निषाद, या दोन पट्ट्या उचलून बाजूला ठेवल्या की खाली उरते ते सा रे ग प ध. भूपाचे पाच स्वर मुलांच्या पुढ्यात! आता कोणतीही पट्टी कुठेही वाजवली तरी कानाला खटकत नाही, म्हणून पाश्चात्त्य संगीतशिक्षकही नवशिक्यांसाठी हीच युक्ती वापरतात. एका मुलाने सी ची पट्टी सावकाश वाजवत राहावे, तो झाला तानपुरा. दुसऱ्याने चढत जावे, तिसऱ्याने उतरत यावे, बाकीच्यांनी स्वराबरोबर हात वर-खाली न्यावा. पंधरा मिनिटे हा खेळ झाल्यावर किशोरीताईंचा आवाज लावला, तर मुले त्या आवाजात आपल्या पट्ट्या शोधू लागतील. नुसते पाच स्वर म्हणजे भूप नव्हे, देसकारातही तेच पाच स्वर असतात आणि धातूच्या पट्टीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, निघत नाही, हे खरे. पण सात वर्षांच्या मुलांसाठी दार इथून उघडते.

हे करायला विशारद लागत नाही. दोन तासांचे प्रात्यक्षिक, एकदा स्वतः करून पाहणे आणि अडल्यास विचारायला कोणी तरी, एवढे पुरते. नमुना अभ्यासक्रमाने कोणते संगीत ऐकवावे हे चांगल्या जाणकारीने सुचवले. पण तो बंधनकारक नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच्या मागोमाग प्रत्येक वर्गशिक्षिकेपर्यंत हे दोन तास गेले नाहीत. यादी छापायला कमी खर्च येतो. शिक्षिकेला वर्गातून दोन तास मोकळे करायचे तर तिच्या जागी दुसरा माणूस द्यावा लागतो आणि त्याचे पैसे शाळेला मोजावे लागतात.

२०२२ ची दुसरी योजना

जून २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या राष्ट्रीय योजनेत पहिलीतून घेतलेला धडा दिसतो. भर हबवरून शाळेकडे सरकला. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्याला किमान एक तास संगीत मिळावे, प्रत्येक शाळेत संगीताची जबाबदारी असलेली एक व्यक्ती नेमलेली असावी, शाळेने संगीत विकास आराखडा तयार करावा आणि एक गायकवृंद व एक वाद्यवृंद चालवावा, असे तिने सांगितले. २०२४-२५ पासून या आराखड्याचा गोषवारा शाळेच्या संकेतस्थळावर असावा अशी अपेक्षा आहे. हबसाठी वर्षाला ७.९ कोटी पौंड कायम राहिले आणि वाद्यांसाठी, त्यात दिव्यांग मुलांना वाजवता येतील अशा वाद्यांसह, २.५ कोटी पौंड वेगळे देण्यात आले. सप्टेंबर २०२४ पासून हबच्या प्रमुख संस्थांची संख्या ११६ वरून ४३ वर आणून मोठी विभागीय रचना झाली.

रचनेच्या या फेरबदलात बरीच शक्ती खर्ची पडली आणि त्यातून वर्गाला थेट काय मिळाले, हे मला अजून दिसलेले नाही. २०१५-१६ चे ७.५ कोटी आणि २०२४ चे ७.९ कोटी यांत महागाई धरली तर वाढ नव्हे, घटच आहे. नेमलेल्या जबाबदार व्यक्तीची कल्पना मात्र योग्य आहे, कारण तिला शाळेच्या आत पत्ता आहे. तिला त्यासाठी आठवड्यातला मोकळा वेळ मिळतो की केवळ नावापुढे आणखी एक पद चिकटते, यावर तिचे मोल ठरेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने 'इंग्लिश बॅकलॉरिएट' हा मापदंड काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. कला व संगीत शिक्षणासाठी एक राष्ट्रीय केंद्र सप्टेंबर २०२६ पासून सुरू करण्याचे नियोजन असून शिक्षकांना साहाय्य हे त्याच्या कामांपैकी एक राहणार आहे.

आपल्याकडचे टेबल

भारतात २९ जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि 'मुख्य' विषय यांच्यातली भिंत नको असे म्हटले, २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला स्वतंत्र विषयक्षेत्राचे स्थान दिले, आणि २०२४ मध्ये एनसीईआरटीची तिसरीसाठी 'बांसुरी' व सहावीसाठी 'कृति' ही कलाविषयाची पाठ्यपुस्तके आली. त्यांत संगीताला चित्र, नाट्य, नृत्य यांच्या बरोबरीची जागा आहे. शिक्षकाच्या बाजूने पाहिले तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुले असलेल्या शाळेला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगते. त्याखालच्या पटाच्या शाळेसाठी आणि पहिली ते पाचवीसाठी तशी तरतूद नाही. म्हणजे तिसरीच्या 'बांसुरी'समोर बसणार ती सगळे विषय शिकवणारी वर्गशिक्षिकाच.

महाराष्ट्रात गाणे शाळेबाहेर भरपूर आहे. गावोगावी भजनी मंडळ आहे, पेटी आणि पखवाज आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देणारी मुले आहेत. शास्त्रीय गायन-वादनाच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. पण ते शिक्षण होते खासगी क्लासात, शाळा फक्त प्रमाणपत्राची नोंद मंडळाकडे पाठवते. उद्या एखाद्या तालुक्यात भजनी मंडळाच्या पेटीवाल्या बुवांना आठवड्यातून एकदा शाळेत बोलवायचे ठरले, तर ते आनंदाने येतील आणि मुलेही गातील. त्या पाऊण तासात बाई वह्या घेऊन मागे बसणार, की सतरंजीवर मुलांच्या ओळीत बसून सा लावणार, हे वेळापत्रक आखणाऱ्या मुख्याध्यापकाला आधी ठरवावे लागेल.